संदेश शोधण्याआधी शॉट मोजा

कोल्हापूरच्या पोरांना सिनेमा परका नाही. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम वगैरे मंडळींनी १ जून १९२९ रोजी प्रभात कंपनी काढली, तीही याच गावात. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) इथंच तयार झाला. प्रभात पुण्याला गेली ती त्यानंतर, १९३३ मध्ये. पुढं भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ, मोरेवाडीची चित्रनगरी. शूटिंगच्या गर्दीत कधीतरी उभं राहिलेलं माणूस इथं शोधायला लांब जावं लागत नाही.

म्हणूनच मराठी, समाजशास्त्र किंवा पत्रकारितेच्या वर्गात ‘चित्रपट आणि संस्कृती’ असा निवडक विषय किंवा प्रकल्प समोर आला की वाटतं, यात अवघड काय आहे? मग लिहायला बसलं की दहा पानांतली आठ पानं गोष्ट सांगण्यात जातात, दीड पान ‘या चित्रपटातून दिग्दर्शकाने समाजाला दिलेला संदेश’ आणि उरलेलं अर्धं पान गाण्यांना. मेहनत केलेली असते, तरी गुण पडत नाहीत. कारण यात सिनेमाचा अभ्यास झालेलाच नसतो. अशीच दहा पानं त्या गोष्टीची कादंबरी वाचूनही लिहिता आली असती.

सिनेमाचा सांस्कृतिक अर्थ म्हणजे काय, हे एका प्रसंगावरून बघू. ‘फँड्री’त (२०१३) जब्या या शाळकरी पोराच्या घरचे डुकरामागं धावून दमलेले असतात. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं तेव्हाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. घरचे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जातं. गोष्टीपुरतं बोलायचं तर एवढंच घडलं: डुक्कर निसटलं. आता चित्र बघा. माणसं थिजलेली आहेत, हलतंय ते फक्त जनावर. आवाज ऐका. तो त्या कुटुंबाच्या जगातून येत नाही, शाळेकडून येतो, जिथं जब्या विद्यार्थी म्हणून उभा असायला हवा होता. आणि तिसरी गोष्ट पडद्यावर नाहीच, ती बघणाऱ्याच्या अंगात आहे. पहिलीपासून आपण हे गीत ऐकताना ताठ उभे राहिलोय. ही सवय ज्याला नाही त्याला या प्रसंगात नुसती उभी राहिलेली माणसं दिसतील. गीत सगळ्यांना सारखं उभं करतं, पण ते संपल्यावर डुकरामागं धावायचं काम एकाच घराच्या वाट्याचं राहतं. हा अर्थ कुणीही संवादात बोलून दाखवत नाही. चित्र, आवाज आणि आपली सवय या तिघांच्या सांध्यावर तो तयार होतो, आणि अभ्यास करायचा तो त्या सांध्याचा.

इथंच एक वाक्य कायमचं सोडून द्यायला हवं: ‘सिनेमा हा समाजाचा आरसा आहे’. आरशासमोर जे येईल ते सगळं दिसतं. कॅमेरा कुणीतरी एका जागी ठेवलेला असतो, भिंग कुणीतरी निवडलेलं असतं, पैसे कुणीतरी घातलेले असतात, सेन्सॉरनं काही कापायला लावलेलं असू शकतं. गावावरचा सिनेमा असूनही ज्यात महारवाडा एकदाही दिसत नाही, तो गावाचा आरसा कसा होईल? उलट, काय दिसत नाही हाच तिथं सगळ्यात चांगला प्रश्न ठरतो.

प्रश्नाचंच सांगायचं, तर बहुतेक प्रकल्प इथंच फसतात. ‘सैराटमधील जातवास्तव’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. त्याला कुठूनही सुरुवात करता येते आणि कुठंही संपवता येतं. प्रश्न असा हवा की पडद्याकडं बोट दाखवून उत्तर देता येईल. तमाशापटात लावणी सुरू असताना कॅमेरा बसलेल्या पुरुषांत किती वेळ असतो आणि नाचणारीच्या मागं जाऊन त्या पुरुषांकडं किती वेळ बघतो? पाटलाच्या वाड्यातल्या प्रसंगांत कोण बसलेलं असतं, कोण उभं असतं, कोण पायरीवर? घरातली बाई बोलत असताना तिचे हात कधी रिकामे दिसतात का? असे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. पण त्यांचं उत्तर मोजता येतं, आणि मोजल्यावर जे हाती येतं ते बऱ्याचदा आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं.

आता प्रत्यक्ष काम. सिनेमा पहिल्यांदा न थांबता, शक्यतो मोठ्या पडद्यावर बघा आणि तासाभराच्या आत एक पान लिहून काढा: काय लक्षात राहिलं, कुठं कंटाळा आला, कुठं अंगावर काटा आला. हे पान जपून ठेवा, पुढं पन्नास वेळा बघितल्यावर ती पहिली प्रतिक्रिया परत मिळत नाही. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रसंग किती मिनिटांनी सुरू होतो ते टिपत जा. तिसऱ्या वेळी अख्खा सिनेमा नको. तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग निवडा आणि तो आधी आवाज बंद करून, मग डोळे मिटून फक्त ऐकत, आणि मग थांबवत थांबवत बघा. मोबाइलवर हे जमत नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअर असेल तर ‘ई’ अक्षराची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढं सरकतं. सेकंदाला २४ फ्रेम असतात, त्यामुळं कट, म्हणजे एक सलग चित्र तुटून दुसरं सुरू होतं ती जागा, नेमका कुठं पडला ते पकडता येतं.

चार मिनिटांच्या प्रसंगात समजा ४० शॉट, म्हणजे दोन कटांमधले सलग तुकडे, निघाले. प्रत्येकाची नोंद करायला पाच मिनिटं धरली तरी सव्वातीन तासांच्या वर वेळ जातो. हे आधीच गृहीत धरा, आदल्या रात्रीचं हे काम नाही. २४० सेकंद भागिले ४० म्हणजे एक शॉट सरासरी ६ सेकंदांचा. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच सिनेमातल्या दुसऱ्या प्रसंगाची सरासरी १५ सेकंद निघाली, तरच विचारण्यासारखं काही सापडतं: इथं कॅमेरा एवढा वेळ का थांबला?

नोंद कशी करायची, यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. मंगळवार पेठेतलं घर. मुलगी पहिला पगार घेऊन येते.

शॉट १. ९ सेकंद. लाँग शॉट (लांबून, सगळी जागा दिसेल असा), कॅमेरा स्थिर. पूर्ण सोपा, म्हणजे घराची पुढची खोली दिसते. वडील मधोमध पलंगावर. मुलगी दारात चप्पल काढते. बाहेर रिक्षाचा आवाज.

शॉट २. ३ सेकंद. क्लोजअप (अगदी जवळून). पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात. चेहरे नाहीत. रिक्षाचा आवाज बंद.

शॉट ३. ६ सेकंद. मिड शॉट (माणूस साधारण कमरेपासून वर). वडील नोटा मोजतात. मागं फोकसबाहेर आई, स्वयंपाकघराच्या चौकटीत.

शॉट ४. ११ सेकंद. आईचा मिड शॉट, त्याच चौकटीत. वडिलांचं बोलणं नुसतं ऐकू येतं.

शॉट ५. ४ सेकंद. मुलीचा क्लोजअप. ती वडिलांकडं नाही, चौकटीच्या दिशेनं बघते.

गोष्ट मुलीच्या पगाराची आहे. पण नोंद वाचली की दिसतं, सर्वांत लांब शॉट आईला दिलाय आणि त्या शॉटमध्ये आवाज वडिलांचा आहे. आई एकदाही उंबरठा ओलांडत नाही. पैशाची देवघेव होते तेव्हा चेहरे काढून टाकलेत. मुलीची शेवटची नजर सांगते की हिशेब खरा कुणाशी आहे. आता पुढचा प्रश्न विचारता येतो: असा सिनेमा १९६५ मध्ये आला असता आणि २०१५ मध्ये आला असता, तर प्रेक्षकांना त्या चौकटीतली आई सारखीच दिसली असती का? संस्कृतीचा विचार इथून सुरू होतो, नोंद झाल्यावर. घाईनं ‘उंबरठा म्हणजे बंधन’ असं लिहून मोकळं व्हायचं नसतं. तीच आई दुसऱ्या प्रसंगात उंबरठ्यात उभी राहून सगळ्यांना आज्ञा देत असेल, तर ती जागा तिची सत्ता ठरते. एखादी वस्तू, रंग किंवा जागा सिनेमात परत परत कुठं येते ते तपासल्याशिवाय तिला प्रतीक म्हणू नका. लाल म्हणजे धोका, पाऊस म्हणजे दुःख असली तयार यादी कामाची नाही.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांकडं एक हत्यार आहे जे पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाकडं सहसा नसतं, आणि ते बहुतेक वेळा न वापरताच राहतं: कान. मराठी सिनेमाचा मोठा कारभार अनेक वर्षं या गावातून चालला, त्यामुळं पडद्यावरचा ‘गावचा माणूस’ पुष्कळदा आपल्या बोलीच्या जवळचं बोलतो. ते बोलणं खरंच इथलं आहे, की नटानं शिकलेलं नाटकी ‘ग्रामीण’ आहे, हे तुम्हाला अर्ध्या वाक्यात कळतं. मग ते लिहा. कुठला शब्द खटकला, कुठला हेल चुकला, कुणाच्या तोंडी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ आहे आणि कुणाच्या तोंडी पुस्तकी मराठी. एका सिनेमातल्या सगळ्या पात्रांची दोन रकान्यांत विभागणी करून बघा. मास्तर, डॉक्टर आणि शिकलेली नायिका एका बाजूला, गडी, विनोदी पात्र आणि म्हातारी दुसऱ्या बाजूला, असं दिसलं तर सिनेमानं बोलीला कोणती जागा दिली हे सिद्ध करायला तुमच्या हातात पुरावा आला. नायक प्रेमात पडल्यावर त्याची भाषा बदलते का, तेही बघा. आणि ‘सैराट’मधली भाषा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडची आहे, आपल्याकडची नाही. तिला नुसतं ‘ग्रामीण भाषा’ म्हणणं ही इथल्या विद्यार्थ्यानं तरी करू नये अशी चूक आहे.

या भागातल्या लेखकांच्या साहित्यावर सिनेमे झालेत, त्यांचाही असा उपयोग होतो. ‘नटरंग’ (२०१०) कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवर आहे, ‘जोगवा’ (२००९) गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांच्या लेखनावर. अशा वेळी ‘पुस्तक चांगलं की सिनेमा’ या वादात शिरू नका, त्यातून काही निघत नाही. कादंबरीतलं एक पान आणि सिनेमातला तोच प्रसंग शेजारी ठेवा. ‘नटरंग’मधल्या नाच्या (तमाशात बायकी ढंगानं नाचणारा पुरुष) झालेल्या नायकाचं शरीर कादंबरी शब्दांनी, आतून सांगू शकते. सिनेमाला ते बाहेरूनच दाखवावं लागतं, आणि तेही आपण सगळे त्याच्याकडं बघत असताना. फडासमोरच्या प्रेक्षकांत आपणही बसलोय हे सिनेमा आपल्याला जाणवू देतो की विसरायला लावतो, हे तपासण्यासारखं आहे.

आवाजाबद्दल विद्यार्थी सर्वांत कमी लिहितात. एक साधा भेद पुरे: गोष्टीतला आवाज, जो पात्रांनाही ऐकू येतो, आणि गोष्टीबाहेरचा, जो फक्त आपल्याला ऐकू येतो. पार्श्वसंगीत दुसऱ्या प्रकारात येतं. प्रभातच्या ‘कुंकू’ (१९३७) या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि घराभोवतीचं. जरठ नवऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीची गोष्ट आहे ती. आपण कुणाची कीव करायची, कधी चिडायचं हे सांगणारी व्हायोलिनं तिथं नाहीत. त्या घरातली शांतता आपल्यालाच सोसावी लागते. ‘सैराट’च्या शेवटी आवाज काढून घेतलाय, त्याचा विचारही याच अंगानं करता येईल.

ऐकीव गोष्ट किती फसवते याचं सुंदर उदाहरण ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) आहे. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा समजून पुष्कळांनी म्हटला. तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला. प्रकल्पात ‘तुकोबांच्या अभंगात म्हटल्याप्रमाणे’ असं लिहून तो उद्धृत केला तर चूक तर होतेच, शिवाय हातातला मोठा मुद्दा निसटतो: सिनेमासाठी लिहिलेली रचना लोकांनी परंपरेत सामावून घेतली. संस्कृतीकडून सिनेमा घेतो तसं संस्कृतीही सिनेमाकडून घेते, याचा याहून पक्का पुरावा मिळणं अवघड.

आता प्रतीबद्दल. फुकट मिळणाऱ्या जुन्या सिनेमांच्या प्रती अनेकदा कापलेल्या किंवा ताणलेल्या असतात. जुन्या सिनेमाची चौकट साधारण ४:३ असते; ती १६:९ मध्ये ओढून बसवली की रुंदी एक तृतीयांशानं वाढते, माणसं बुटकी आणि जाड दिसतात. अशा प्रतीवरून ‘दिग्दर्शकानं पात्राला बोजड दाखवलंय’ असं लिहिलं की सगळं मुसळ केरात. मूकपट सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेमनी चित्रित होत. १६ चा सिनेमा २४ नं चालवला तर दीडपट वेगानं पळतो आणि तासाचा चाळीस मिनिटांत संपतो. ती तुरुतुरु चालणारी माणसं त्या काळची नव्हेत, चुकीच्या वेगाची आहेत.

सिनेमाच्या सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र आपण पुढं ढकलतो. तिथं थांबा. त्यावर तारीख, वर्ग आणि सिनेमाची लांबी असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. प्रमाणपत्रावर ४,००० मीटर असेल तर सिनेमा साधारण १४६ मिनिटांचा. तुमच्याकडची प्रत १२० मिनिटांची निघाली तर २६ मिनिटं कुठं गेली, हे शोधल्याशिवाय शेवटाबद्दल ठाम काही लिहू नका.

काही सिनेमे तर उरलेलेच नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घ्यायची, नीट न ठेवल्यास कुजायची, आणि तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही रिळं संपवली गेली. शेतकरी आणि सावकार यांच्यावरचा बाबूराव पेंटरांचा मूक ‘सावकारी पाश’ (१९२५) आज बघायला मिळत नाही. त्याबद्दल लिहिताना ‘कॅमेऱ्यानं असं टिपलंय’ असं म्हणता येणार नाही. ‘अमुक लेखात असं वर्णन आहे’ एवढंच म्हणता येईल. न बघितलेला सिनेमा बघितल्यासारखा लिहिणं हा या विषयातला सर्वांत गंभीर दोष आहे, आणि परीक्षकाला तो लगेच कळतो.

प्रेक्षकांनी सिनेमा कसा घेतला, हे ठरवायला ‘खूप गाजला’ पुरत नाही. करवीर नगर वाचन मंदिर, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय इथं जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं बघायला मिळतील का, ते विचारा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. जायचं तर कॉलेजचं पत्र घ्या आणि आधी वेळ ठरवून जा. वर्तमानपत्रात परीक्षणाइतकीच जाहिरात बघा: कुठल्या टॉकीजला, कितवा आठवडा, ‘स्त्रियांसाठी खास खेळ’ असं काही छापलंय का, नाव मोठ्या अक्षरात कुणाचं आहे. टॉकीजबाहेर विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका कुणाच्या ट्रंकेत सापडली तर तिच्यावरचा गोष्टीचा सारांश वाचा, तो बहुतेक वेळा मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो.

आणि पेठेतल्या आजी-आजोबांना विचारा. ‘सिनेमा कसा वाटला’ असं विचारलं की ‘छान होता’ एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारायचं: कुणाबरोबर गेला होता? घरी सांगून की न सांगता? पिटात (पडद्याजवळच्या स्वस्त जागेत) बसला की बाल्कनीत? बायका वेगळ्या बसत का? परत येताना वाटेत काय बोलणं झालं? आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि त्यांचं नाव छापायचं का, तेही विचारा. आठवणीत वर्षं आणि सिनेमे एकमेकांत मिसळतात, म्हणून तारीख नेहमी जाहिरातीवरून ताडून बघा. पण मिसळलेली आठवण फेकूनही देऊ नका. दोन सिनेमांतल्या दोन आया आजीच्या मनात एक झाल्या असतील, तर त्या का एक झाल्या, हाच प्रकल्पाचा एक भाग होऊ शकतो.

लिहायला बसताना, २,००० शब्द असतील तर गोष्टीला १५० च्या वर देऊ नका. निवडलेल्या प्रसंगाचं वर्णन ५००, त्याचा अर्थ लावणं ७००, काळ आणि प्रेक्षक ४५०, बाकी २०० शब्दांत प्रश्न मांडणं आणि राहिलेल्या शंका. शॉटची नोंद परिशिष्टात जोडा. चौकटींची चित्रं टीका-अभ्यासासाठी मोजकी वापरता येतात. अख्खा प्रसंग कापून इंटरनेटवर टाकणं मात्र वेगळी गोष्ट आहे. भारतात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९३६ चा सिनेमा त्यातून बाहेर आहे, २०१६ चा नाही.

शेवटी स्वतःचं लेखन पेन्सिल घेऊन वाचा आणि ‘प्रभावीपणे’, ‘वास्तवदर्शी’, ‘दिग्दर्शकाला सांगायचे आहे’ या शब्दांखाली रेघ मारा. ‘आईची घुसमट प्रभावीपणे दाखवली आहे’ हे वाक्य खोडून त्या जागी लिहा: ‘पाच शॉटमध्ये आई एकदाही चौकटीबाहेर येत नाही, सर्वांत लांब शॉट तिचा आहे आणि त्यात बोलतात ते वडील.’ तोंडी परीक्षेला परीक्षक हमखास विचारतात, ‘हे कुठं दिसलं?’ तेव्हा शॉटचा क्रमांक सांगायचा आणि परिशिष्टाचं पान उघडून पुढं करायचं.